दोन पाकिटांतलं एकच उत्तर

४ जानेवारी १९९९, सोमवार

डायरी लिहिण्याचा माझा पिंड नाही. पण काल शैलजा म्हणाली, "अहो, रोज माझ्यापाशी कुरकुर करण्यापेक्षा कागदापाशी करा. कागदाला सकाळी ड्यूटी नसते." ती इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये पॅथॉलॉजीत आहे. दिवसभर रोग्यांच्या काचपट्ट्या बघते आणि घरी आली की मला बघते.

तर कुरकुर अशी. चार मार्चला विद्यापीठात प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. चार वर्षांपूर्वीच्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने विचारलं होतं, "गेल्या पाच वर्षांत तुम्ही केलेली एक गोष्ट सांगा," आणि मी अभ्यासक्रम समितीबद्दल बोलत बसलो. आठवलं की अजून कानशिलं तापतात. आता सत्तेचाळिसावं चालू आहे. या खेपेलाही हुकलं तर रीडर म्हणूनच, प्रोफेसरच्या एक पायरी खालीच, निवृत्त होऊन घरी जायचं, मिरजेला जाऊन भाऊबंदांची बोलणी खायची.

सांगण्यासारखं काहीतरी हाताला लागलंय असं वाटतंय. गेल्या जूनमध्ये जपान्यांनी न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाला वस्तुमान असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून जगभरचे आम्ही कागद-पेन्सिलवाले गुळाला मुंगळे लागावेत तसे त्याला चिकटलोय. माझ्या गणितात दोन पदं येतात. त्यांच्यामधलं चिन्ह अधिक आलं तर बेरीज होते आणि प्रयोगात दिसेल असा परिणाम निघतो. उणे आलं तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती भोपळा. सगळा खेळ त्या एका चिन्हावर. आणि धास्ती अशी, की जर्मनीत नाहीतर इटलीत कुणीतरी हेच गणित मांडून बसलं असणार.

माझ्या पुण्याच्या गुरुजींची एक पद्धत होती, तीच मी पाळतो. गणित दोघांनी करायचं, दोन वेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. उत्तर पाकिटात बंद करायचं आणि दोन्ही पाकिटं एकाच वेळी फोडायची. जुळलं तरच खरं. दुसरं पाकीट मी नयना सैनीला दिलंय. ऑनर्सच्या तिसऱ्या वर्षाची, जवळच्या पिंजौर गावची पोर, वडील तिथल्या कारखान्यात फिटर, रोज बसने येते-जाते. पीएच.डी.वाल्यांना जे समजवायला आठवडा लागतो ते ही दोन दिवसांत करून आणते. बोलत मात्र नाही. "जी सर" च्या पलीकडे तिचा आवाज मी ऐकलेला नाही.

८ जानेवारी, शुक्रवार

धुकं इतकं की स्कूटर चालत चालत न्यावी लागली.

तिसऱ्या वर्षाच्या तासाला एका मुलाने मध्येच हात वर केला. "सर, यहाँ टू का फॅक्टर नहीं आएगा?" मी म्हटलं, ये बाबा, फळ्यावर सिद्ध कर. वीस मिनिटं खडू धरून उभा होता. शेवटी त्याचंच चुकलेलं निघालं. मी म्हटलं, "बेटा, हलवाई की दुकान खोल लो, वहाँ टू का फॅक्टर चल जाता है." वर्ग हसला. तो मात्र जागेवर जाऊन डेस्कवर डोकं टेकून बसला. पोरं हल्ली फार हळवी झालीत. नयना पहिल्या बाकावर होती, ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहीत होती.

दुपारी आमचे विभागप्रमुख ग्रेवालसाहेब म्हणाले, "डॉक्टरसाहब, आपकी क्लास में तो सुई गिरे तो आवाज़ आती है." बरं वाटलं. मी कधी आवाज चढवत नाही, तरी शिस्त आपोआप येते.

घरी आलो तेव्हा ज्ञानदा अभ्यास करत होती. टीव्हीची काच गरम लागली, पण मी काही बोललो नाही. सातवीत गेल्यापासून मुलगी शहाणी झालीय. "गणिताचा पेपर मिळाला का?" विचारलं तर "नहीं बाबा, अभी नहीं मिला." इथे उत्तरेत जन्मलेली पोरं, मराठी कळतं पण उत्तर हिंदीतच.

१३ जानेवारी, बुधवार

अधिक! अधिक आलं! सकाळी साडेदहाला शेवटची ओळ लिहिली आणि खुर्चीतून उठून खोलीला दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही पदांची बेरीज होते. परिणाम छोटा नाही, ठसठशीत आहे.

आज लोहडी, इकडचा संक्रांतीच्या आदल्या दिवसाचा सण. ऊन पडलं होतं, म्हणून सगळे विभागासमोरच्या हिरवळीवर शेंगा आणि तिळगुळाची गजक घेऊन बसले होते. नयना समोरून आली. फाइलमधून एक पाकीट अर्धं बाहेर काढलं होतं. मला राहवलंच नाही. म्हटलं, "नयना, ब्यूटिफुल रिज़ल्ट है. प्लस आया है, दोनों टर्म जुड़ रहे हैं!" म्हातारा झालो तरी पोरपण जात नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. आनंदाने शब्द सुचेना बिचारीला. मग पाकीट पुन्हा फाइलमध्ये सारलं आणि म्हणाली, "सर, चार दिन और मिल सकते हैं? एक-दो जगह देखना है."

याला म्हणतात चिकाटी. उत्तर तयार असूनही पुन्हा तपासायचं म्हणते. मी एक आख्खी गजकची पट्टी तिच्या हातात दिली.

१८ जानेवारी, सोमवार

पाकिटं फोडली. जुळलं. चिन्ह अधिक, पुढचा आकडाही तोच. तिची सात पानं इतकी नेटकी, एकही खाडाखोड नाही. मी म्हटलं, "शाबास! अब तुम्हारा नाम पेपर पर." ती म्हणाली, "जी सर." स्टुडंट सेंटरला नेऊन कॉफी पाजली. अर्धा कप तसाच ठेवून बस पकडायला गेली.

संध्याकाळी शैलजाला सांगितलं. तिने मटार सोलता सोलता विचारलं, "तिला तुमचं उत्तर आधी ठाऊक नव्हतं ना?"

"सांगितलं असेल लोहडीला. त्याने काय होतंय? तिचं झालंच होतं की."

"आमच्याकडे दुसऱ्याला पहिल्याचं निदान सांगत नाहीत."

"तुमच्याकडे डोळ्यांनी बघायचं असतं. गणित कुणाची भीड धरत नाही."

यावर ती पुन्हा मटार सोलायला लागली. नेहमीचंच. वाद घालत नाही हा तिचा मोठा गुण.

२२ जानेवारी, शुक्रवार

कॉम्प्युटर रूममध्ये सकाळी दहापासून बसलो. फोनची लाइन चार वेळा तुटली. दुपारी एक वाजता पेपर एकदाचा प्रीप्रिंट संग्रहात, म्हणजे छापण्याआधीचे पेपर इंटरनेटवर ठेवतात तिथे, गेला. आता जगात कुणीही वाचू शकतो. लेखक दोन, मी आणि नयना सैनी. जर्मन येऊ देत नाहीतर इटालियन, आम्ही आधी.

बाहेर आलो आणि वाटलं होतं तसं मोकळं काही वाटेना. जगात कुणीही वाचू शकतो, म्हणजे कुणीही वाचू शकतो.

१ फेब्रुवारी, सोमवार

नयना दहा दिवस फिरकली नाही. आज जिन्यात समोर आली आणि मला बघून मागच्या मागे वळली. पेपर आला आणि डोक्यात हवा गेली, दुसरं काय! एकविसाव्या वर्षी पेपर. मला पहिला मिळाला तेव्हा अठ्ठावीस पूर्ण झाली होती.

रोज इ-मेल बघायला जातो. काही नसलं की हायसं वाटतं. एवढा पेपर लिहायचा आणि कुणी वाचला नाही म्हणून खूश व्हायचं, काय म्हणावं याला?

९ फेब्रुवारी, मंगळवार

आलं. जर्मनीहून. तीन ओळी. आपला पेपर रस घेऊन वाचला, आम्हीही हेच गणित करत आहोत, आमच्याकडे दोन पदांमधलं चिन्ह उलट येतं, कृपया एकदा बघाल का. खाली "सदिच्छांसह".

पाचावर धारण बसली. शिव्या घातल्या असत्या तर मीही घातल्या असत्या. ही सभ्य माणसं फार वाईट. प्रिंटआउट घडी करून खिशात ठेवला आणि दुपारच्या तासाला गेलो. तासाला काय शिकवलं ते देवाला माहीत.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवसांत तीनदा केलं. तिन्ही वेळा अधिक. जर्मनांचंच चुकत असणार. मी काय एकटा आहे? दोघांनी केलंय, वेगवेगळं केलंय. पाकिटं मी स्वतः फोडलीत. हे मनाला सांगतो आणि पाच मिनिटं शांत बसतो. सहाव्या मिनिटाला पुन्हा पहिलं पान काढतो.

नयनाला बोलावून मेल दाखवलं. पोर पांढरीफटक पडली. म्हटलं, "तुम्हारे सेवन पेजेस हैं ना, तुम तो श्योर हो?" तर म्हणते, "सर, आपने देखा है तो ठीक ही होगा." मग चपलेच्या अंगठ्याकडे बघत, "सर, मेरा नाम पेपर से हट सकता है?"

माझं टाळकंच सरकलं. जहाज अजून बुडालेलं नाही आणि उंदीर आधीच उडी मारायला तयार! मी म्हटलं, "क्रेडिट लेना था तब तो नाम चाहिए था?" खरं तर तिने नाव कधी मागितलं नव्हतं, मीच दिलं होतं, पण रागात कुठलं सुचतंय. आणखीही काहीबाही बोललो. दार उघडं होतं, बाहेर मुलं उभी होती. ती "सॉरी सर" म्हणून गेली.

१७ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. देवा, सापडलं.

सेक्टर पंधराच्या गोल चौकात स्कूटरवर होतो. समोरच्या रिक्षात एकसारखे स्वेटर घातलेल्या दोन जुळ्या मुली बसल्या होत्या आणि डोक्यात लख्ख झालं. माझ्या गणितात कण आणि प्रतिकण एकच आहेत. एकसारख्या दोन कणांची अदलाबदल झाली की एक उणे बाहेर पडतं. एम.एस्सी.च्या पोरांना मी दरवर्षी हे घोकून घेतो, आणि माझ्याच चौथ्या पानावर ते उणे नाही. तिन्ही वेळा मी तिथूनच सरळ पुढे गेलो, ओळखीच्या गल्लीतून जावं तसा.

म्हणजे उणे. म्हणजे दोन पदं एकमेकांना खातात. म्हणजे भोपळा. स्कूटर बंद पडली होती, मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता आणि माझा पाय किकवर जाईना.

ऑफिसात नयनाची सात पानं काढली. तिच्याही चौथ्या पानावर ते उणे नाही. नेमकं त्याच जागी. दोन माणसं वेगवेगळ्या वाटांनी निघून एकाच खड्ड्यात कशी पडतील? तिची वाट तर वेगळीच होती, तिने दुसऱ्या पद्धतीने मांडलं होतं. त्या पद्धतीत हे उणे विसरताच येत नाही, ते पहिल्याच ओळीत आपणहून येतं. तिच्या पहिल्या ओळीत आहे. तिसऱ्या पानावर आहे. चौथ्या पानावर नाही.

माझ्या टेबलाचा खण मी कुलूप न लावता ठेवतो. तिने माझी पानं बघितली असतील का? विद्यार्थिनीवर चोरीचा आळ घ्यायचा म्हणजे भयंकर. पण दुसरं काय असणार?

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रेवालसाहेबांना सांगितलं, कुणाला तरी सांगणं भाग होतं. त्यांनी दार लावून घेतलं. माणूस चांगला आहे, माझ्या बाजूचा आहे. म्हणाले, "डॉक्टरसाहब, जर्मनी वाले पंद्रह दिन रुक जाएँगे. चार तारीख़ निकलने दो, फिर जवाब दे देना. ग़लती किससे नहीं होती यार?"

खरंच की. कुणाला काय कळतंय? पेपर पुढे आहे, मुलाखतीत कुणी चौथं पान उघडणार नाही. पाच तारखेला नम्रपणे लिहू, "तुमचं बरोबर आहे." रात्रभर झोप लागेल असा सल्ला. पण मला मुलाखतीतला तो प्रश्न ऐकू येतो, एक गोष्ट सांगा, आणि मी चुकीचं उत्तर बरोबर असल्यासारखं सांगतोय हेही दिसतं.

२४ फेब्रुवारी, बुधवार

नयना बारा तारखेपासून विभागातच आलेली नाही. तिच्या वर्गातली अपूर्वा (वडील एअरफोर्समध्ये, नाशिकची माणसं) म्हणाली, "सर, ती बहुतेक सोडणार आहे. बी.एड.चा फॉर्म आणलाय." मी विचारलं, "का?" तर ती माझ्याकडे बघून "माहीत नाही सर," म्हणाली आणि पळालीच.

जेवताना शैलजाला सगळं सांगितलं, खणाचा संशयसुद्धा. तिने भाकरी मोडायची थांबवली.

"आमच्याकडे एक शिकाऊ डॉक्टर होती, रेसिडेंट," ती म्हणाली. "मोठ्या सरांनी पट्टी न बघताच 'कॅन्सर दिसतोय' म्हटलं, तर तिला कॅन्सर दिसला. तिने चोरी नव्हती केली. तिला खरंच दिसला. अहो, पोरं घाबरतात तुम्हाला."

"मला? मी जर्मनांच्या तीन ओळींना घाबरून पंधरा दिवस जेवलो नाही!"

"ते तुम्हाला ठाऊक. त्यांना कुठे ठाऊक?"

मी ज्ञानदाकडे बघितलं. म्हटलं, "तू घाबरतेस का गं मला?" तिने लगेच उत्तर दिलं, "नहीं बाबा." आणि आईकडे बघितलं.

१ मार्च, सोमवार

काल पिंजौरला जाऊन आलो. सेक्टर सतराच्या स्टँडवरून पिंजौरवरून जाणारी कालक्याची बस धरली. गुलालाची पुडकी घेतलेली माणसं, उद्या होळी. मी खिडकीशी बसून काय बोलायचं ते घोकत होतो, मुलाखतीसाठी घोकावं तसं.

कारखान्याच्या वसाहतीत घर शोधायला वेळ लागला नाही. मला दारात बघून तिच्या वडिलांनी हातच जोडले. "सर, लड़की से कोई ग़लती हो गई?" खुर्ची पुसली, बाजारात समोसे आणायला कुणाला तरी पिटाळलं, आणि स्वतः काही केल्या बसेनात. माझ्या वयाचा माणूस माझ्यासमोर उभा. नयना दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "बेटा, लोहडी के दिन जो लिफ़ाफ़ा लाई थी, वो वाला देखना है."

ती आत गेली. पाकीटच आणलं, न फोडलेलं. तिने टाकलं नव्हतं. फोडलं. नऊ पानं, खाडाखोडींनी भरलेली, कोपऱ्यात तारीख दहा जानेवारी. शेवटच्या ओळीत दोन पदं आणि मध्ये उणे. खाली पेन्सिलीने लिहिलेलं, "तीन बार चेक किया."

म्हणजे माझ्या तीन दिवस आधी तिच्याकडे बरोबर उत्तर होतं. आणि मी हिरवळीवर, तोंडात शेंगा घेऊन, ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"फिर बदला क्यों?"

"सर, आपका प्लस आया था." मग पाकिटाची कड दुमडत, "मुझे लगा मुझसे कहीं छूटा है. ढूँढ़ा. नहीं मिला. फिर... चौथे पेज पे कर दिया."

"चौथे पेज पे ही क्यों?"

"वहाँ सबसे कम दिखता था, सर."

मी दोन्ही उत्तरं तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. हे तिचं, हे माझं. विचारलं, "कौन सा सही है?"

तिने दोन्हीकडे नीट बघितलं. तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. वडील म्हणाले, "बोल दे बेटा, जो सर कहते हैं वही बोल दे." आणि ती म्हणाली, "आपका, सर."

आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती. जर्मनांची नाही, चार तारखेची नाही. समोर स्वतःच्या हातचं खरं उत्तर ठेवलंय आणि पोर माझं खोटं उत्तर खरं म्हणतेय. असं किती जणांनी म्हटलं असेल, वीस वर्षांत? मी ज्याला शिस्त म्हणत होतो, इज्जत म्हणत होतो, ती ही होती तर. सुई पडली तर ऐकू येते.

मला त्या माणसासमोर रडू आलं. लाज वाटली, पण आलं. वडील घाबरून पाणी घेऊन आले.

मग तिच्याच वहीचं पान मागितलं आणि तिथेच पत्र लिहिलं. पेपर मागे घेत आहोत. चूक सर्वस्वी माझी. बरोबर चिन्ह नयना सैनी हिने माझ्या आधी, दहा जानेवारीला काढलं होतं, आणि मी माझं उत्तर आधी सांगून स्वतंत्र तपासणीचा नियम मोडला. समीकरण सातमधलं चिन्ह उलट वाचावं. जर्मनांना एक प्रत. ग्रेवालसाहेबांना एक, मुलाखत समितीला दाखवायला. चार तारखेच्या आत. गुरुवारी त्या खोलीत जाऊन बसायचंय आणि सांगायला एकही गोष्ट नाही. भीती गेलेली नाही. शैलजाने "भीती वाटतेय का?" असं विचारलं, मी खोटं नाही बोललो.

पत्र नयनाकडे दिलं. म्हटलं, "चेक करो. मैं जल्दबाज़ आदमी हूँ."

तिने उभ्याने वाचलं. एकदा वाचलं, मग परत वर जाऊन वाचलं. माझ्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर दोनदा ओरडला. मी खाली जमिनीकडे बघत बसलो, मुद्दामच.

"सर," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पुढे वाकावं लागलं. "सर, ये ग़लत है. इक्वेशन सात नहीं, नौ है."

वडील दचकले. "नयना!"

मी खिशातून पेपर काढून बघितलं. नऊच होतं. सात खोडून नऊ केलं, आणि आज सकाळी कॉम्प्युटर रूम उघडल्याबरोबर पत्र पाठवून दिलं.